माहितगार क्रमांक चार

एकेचाळीस टक्के! देवयानीनं चष्मा काढून ओढणीला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, तरी पडद्यावरचा आकडा हलायला तयार नव्हता. अक्षया निकमच्या शोधनिबंधाचा एकेचाळीस टक्के मजकूर आधीच कुठेतरी छापलेला आहे, असं त्या चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचं म्हणणं होतं, आणि जुळलेली ओळ न ओळ त्यानं पिवळी करून ठेवली होती. पानंच्या पानं पिवळी. त्या मेल्याला मराठी कळत नव्हतं, पण अक्षराला अक्षर लावून बघता येत होतं. देवयानीच्या डोक्यात तिडीक गेली. गुरुग्रामच्या या काचेच्या विद्यापीठात ती गेली सहा वर्षं मुलांना एकच गोष्ट शिकवत होती: दुसऱ्याचं घेतलंत तर त्याचं नाव लिहा. लेखक, वर्ष, ग्रंथ, प्रकाशक, पान. सगळं जागच्या जागी. पान क्रमांक विसरला की ती अर्धा गुण कापायची, साल चुकलं की एक, आणि मुलं पाठीमागे तिला 'फुलस्टॉप मॅम' म्हणायची हेही तिला ठाऊक होतं. म्हणोत. नव्या धोरणात मातृभाषेत निबंध लिहायची मुभा मिळाली तेव्हा अख्ख्या विद्यापीठात मराठी मुलं निघाली चार, आणि त्या चौघांत जिच्यावर देवयानीनं जीव लावला ती ही अक्षया. वडील मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, पहाटे कंपनीच्या बसनं जाणारे. मुलगी रोज रिक्षा बदलत बदलत येते, पहिल्या बाकावर बसते, एक तास बुडवत नाही. आणि तिनंच असं तोंडात मारावं? सचोटी समितीला चार वाजेपर्यंत फॉर्म हवा होता. विषय-शिक्षकाची सही झाली की अक्षयाचं वर्ष गेलं, विद्यावेतन बंद, नावापुढे कायमचा शेरा. ऑफिसातल्या बाबूचा दोनदा फोन येऊन गेला होता, "मॅडम, फॉर्म भेज दीजिए, कमिटी बैठने वाली है." घड्याळात सव्वादोन वाजले होते.

अक्षया आली ती धापा टाकत. बस म्हटलं तरी बसली नाही. देवयानीनं पडदा तिच्याकडे वळवला आणि काही बोलली नाही. मुलांना असं गप्प राहून घाबरवायची तिची जुनी खोड होती. अक्षयानं ती पिवळी पानं पाहिली, एकदा वर, एकदा खाली, आणि तिचा चेहराच पडला. "मॅम, मी बिल्कुल कॉपी नाही केलं. कसम से. हे सगळं आजीनं सांगितलंय. मी फोनवर रेकॉर्ड केलं आणि उतरवलं." देवयानी फाडकन म्हणाली, "आजीनं सांगितलं तर आजीचं नाव कुठं आहे? संदर्भसूचीत एक ओळ नाही आजीची!" आणि मग ती पोरगी, जिनं सहा महिन्यांत कधी वर मान करून उत्तर दिलं नव्हतं, ती सरळ डोळ्यांत बघून म्हणाली, "तुम्हीच काढायला लावलं, मॅम." पिशवीतून तिनं पहिला खर्डा काढला. देवयानीनं तेव्हा त्याची नुसती सूचीच तपासली होती, आतली पानं वाचली नव्हती. सूचीत सर्वांत वर, इतर नावांच्या आधी, नीट अंतर सोडून लिहिलेलं: 'आजी, २०२४, आमचं स्वयंपाकघर, मानेसर.' आणि त्यावर देवयानीच्या हातची आडवी रेघ. बाजूला तिचंच अक्षर, 'हा स्रोत होत नाही. छापील स्रोत दे, नाहीतर नोंद काढून टाक.' पोरीनं काढून टाकली होती. आज्ञाधारक मुलगी! नाव गेलं, वाक्यं राहिली. देवयानीला त्या क्षणी राग आला तो अक्षयाचा, की असं उलट बोलते. मग त्या रेघेचा. आणि मग कुणाचा ते कळेना, नुसताच राग, कानांच्या पाळ्या गरम करणारा. "बाहेर बस," ती म्हणाली. "बोलावते." अक्षया बाहेर बाकावर जाऊन बसली. काचेतून तिची वेणी तेवढी दिसत राहिली.

ठीक आहे, आजी तर आजी. पण मग छापलेलं कुठनं आलं? आजीनं काय ग्रंथ लिहिला होता? देवयानीनं पिवळ्या ओळीवर बोट ठेवून टिचकी मारली आणि सॉफ्टवेअरनं मूळ लेख उघडून दिला. नाव वाचलं आणि ती खुर्चीत मागे रेलली. राजवर्धन सर! तिचे सर. तिच्या एम.फिल.चे मार्गदर्शक, दिल्लीतल्या मराठी वर्तुळात ज्यांच्याशिवाय व्याख्यान होत नाही, हार कुणाला घालायचा ते ठरत नाही, आणि ज्यांच्या एका शब्दावर संसारात पंधरा वर्षं घालवलेल्या देवयानीला इथं नोकरी लागली ते राजवर्धन सर. लेख २०११ सालचा. तेव्हा ती नवऱ्याच्या बदलीपायी भोपाळला होती, मुलाच्या शाळेचे डबे भरत होती, कुठला लेख नि कुठलं काय. तिनं वाचायला सुरुवात केली. पहिला परिच्छेद सरांचा, जडजंबाल, परदेशी पंडितांच्या नावांनी ठासून भरलेला. दुसराही तसाच. तिसऱ्यात मात्र सर एकदम सातारी ठसक्यात बोलायला लागले. 'पत्र तीन माणसं वाचतात. पहिल्या चार ओळी साहेबाच्या, मधल्या चार सोबत्यांच्या, आणि म्हैस तेवढी नवऱ्याची.' देवयानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे तिचं होतं! फौजींच्या बायकांच्या पत्रांवरच्या तिच्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण, पान एकसष्ट. पुढे 'त्रिस्तरीय वाचक', हा तर तिनं स्वतः घडवलेला शब्द. घडवला त्या दिवशी करोल बागेतल्या वसतिगृहाच्या जिन्यावर ती एकटीच नाचली होती. आणि शेवटी तळटीप काय, तर 'प्रस्तुत लेखकाने छावणीत केलेल्या क्षेत्रकार्यावर आधारित.' प्रस्तुत लेखकाने! छावणीत! अहो, हा माणूस छावणीच्या फाटकापाशी तिला सोडायला म्हणून एकदा आला होता आणि उन्हाचं कारण सांगून त्याच रिक्षानं परत गेला होता.

रागाचं असं असतं की तो एकटा येत नाही, मागची सगळी बिऱ्हाडं घेऊन येतो. देवयानीला तो उन्हाळा दिसायला लागला. दोन हजार दोन. पलटणी सरहद्दीवर गेल्या होत्या आणि दिल्ली छावणीतल्या क्वार्टरांमध्ये नुसत्या बायका आणि मुलं. वडिलांच्या ऑफिसातल्या एका निवृत्त सुभेदारांच्या ओळखीनं तिला आत जायला मिळालं. चोवीस वर्षांची ती, खांद्याला टेपरेकॉर्डर, मनात मोठमोठी पुस्तकं. बायका तिला चहा द्यायच्या आणि विचारायच्या, लग्न कधी करणार. कामाचं कुणी बोलेना. मग कुणीतरी म्हणालं, पत्रांचं विचारायचंय तर कौशल्याकाकूंकडे जा, चौथी शिकलेली बाई, क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीची पत्रं तीच लिहायची. कौशल्याकाकूंच्या दारातल्या ओट्यावर ती सहा दुपारी बसली. काकू लसूण सोलायच्या आणि सांगायच्या. ऐंशीच्या आसपासची गोष्ट, नवरे सरहद्दीवर बर्फात, बायकांना लिहिता येईना, आणि लिहिलं तरी मनातलं लिहायचं कसं? पत्र पलटणीतला साहेब उघडून बघणार. नवऱ्याच्या भोवती चार सोबती बसून ऐकणार. तर काकूंनी एक वहिवाट पाडली. बाईचं स्वतःचं जे काही असेल ते म्हशीच्या नावावर घालायचं. 'म्हशीला वैरण गोड लागत नाही. रात्रभर दावं ओढते. तुम्ही रजेचं बघा.' आता दिल्लीच्या क्वार्टरात म्हैस कुठली! साहेबाला वाटायचं गावाकडची असेल, सोबत्यांना वाटायचं सासऱ्याची असेल, नवऱ्याला तेवढं कळायचं. काकू ती पत्रं घडाघडा म्हणून दाखवायच्या, वीस वर्षांपूर्वीची, शब्द न चुकता, आणि म्हणून झालं की पदर तोंडाला लावून हसायच्या. देवयानीनं ते सगळं उतरवून सरांच्या पुढ्यात टाकलं तेव्हा सर चष्म्यावरून बघून म्हणाले होते, "छान. पण ही नावं काढा. हे माहितगार आहेत, विद्वान नव्हेत. त्यांना क्रमांक द्या." दिले. तोंडी परीक्षेला त्यांनी तिची पाठ थोपटली होती. आणि पाठ थोपटता थोपटता हा डल्ला!

तिनं जयदीपला फोन लावला. नवरा दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात उपसचिव, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या मीटिंगमधून बाहेर येऊन बोलत होता. तिनं एका दमात सगळं सांगितलं, मध्येच आवाज चढला, काचेबाहेरची वेणी हलली. जयदीप म्हणाला, "अच्छा. बरं. म्हणजे वाईटच आहे गं. पण बघ, तुझं कॉन्ट्रॅक्ट एप्रिलमध्ये रिन्यू व्हायचंय आणि सर आहेत त्या पॅनेलवर. कशाला पंगा घेतेस? मुलीला समज देऊन सोड, नाहीतर सही कर नि मोकळी हो यार. चौदा वर्षं झाली त्या लेखाला." "चौदा वर्षं झाली म्हणून काय झालं?" ती ओरडली. "माझं आहे ते, जयदीप! माझं! मी उन्हातान्हात फिरले, मी ऐकलं, मी लिहिलं आणि हा माणूस त्यावर व्याख्यानं देत फिरतोय!" "हो, पण पेपर त्या मुलीचा आहे ना आत्ता समोर," जयदीप म्हणाला, आणि त्याला आत बोलावलं म्हणून त्यानं फोन ठेवला. पेपर त्या मुलीचा. बरोबर. पण सुटणार कशी ती? समितीला सांगायचं काय, की मुलीनं सरांकडून घेतलं नाही, सरांनी माझ्याकडून घेतलं? आणि मुलीकडे ते आलं कुठून? आजीकडून. म्हणजे सरांचा लेख वाचलेली कुणी आजी? मानेसरच्या स्वयंपाकघरात?

ती पुन्हा अक्षयाच्या निबंधाकडे वळली, या वेळी शिक्षिकेच्या नजरेनं नाही, चोर शोधणाऱ्याच्या नजरेनं. पिवळं, पिवळं, पिवळं. आणि सातव्या पानावर, सगळ्या पिवळ्याच्या मधोमध, एक ओळ पांढरी राहिली होती. जगात कुठंच छापली गेली नव्हती ती. 'माझी म्हैस दोनदा गाभडली, हे मी स्वतःच्या हातानं स्वतःच लिहिलं, आणि पुढं लिहिलं, काळजी नसावी.' शेजारी कंसात अक्षयानं प्रामाणिकपणे नोंद केली होती की गाभडली म्हणजे काय ते मला माहीत नाही, आजी म्हणाली तसंच लिही. पोरीला अर्थ माहीत नव्हता. देवयानीला होता. हे वाक्य तिनं ऐकलं होतं, सहाव्या दुपारी. लसणाची साल फुंकून टाकताना काकूंनी टेपकडे बोट करून म्हटलं होतं, ते बंद कर जरा. तिनं बंद केला होता, आणि मग काकू बोलल्या होत्या. दोन मुलं पोटातच गेली, दोन्ही वेळा नवरा वर बर्फात, आणि बाकी सगळ्या बायकांची दुःखं लिहिणाऱ्या या बाईचं लिहायला कुणी नव्हतं. 'हे नको लिहूस,' काकू म्हणाल्या होत्या. तिनं ते ना प्रबंधात लिहिलं, ना सरांना सांगितलं. त्यामुळे ते कुणाला चोरता आलं नव्हतं. निकम. कौशल्या निकम. आडनाव इतके महिने डोळ्यांसमोर हजेरीपटावर होतं आणि तिला एकदाही आठवलं नव्हतं.

मग ज्या गोष्टीच्या आसपास ती दुपारभर फिरत होती ती समोर येऊन उभी राहिली. प्रबंधात तिचं काय होतं? 'त्रिस्तरीय' हा एक शब्द. बाकी सगळं त्या ओट्यावरचं. पत्र तीन माणसं वाचतात हे तिला सुचलं नव्हतं, काकूंना सुचलं होतं. चार ओळींचा हिशेब काकूंनी बसवला होता, माणसं ओळखून, साहेब ओळखून, प्रत्येक बाईचा नवरा ओळखून. ती कच्ची माहिती नव्हतीच मुळी. तो विचार होता, चौथी शिकलेल्या बाईनं पुरा केलेला विचार. आणि देवयानीनं काय केलं? त्याच्या मागे 'असे आढळून येते' असं लावून टाकलं. कुणाला आढळून येते? मला! सरांनी क्रमांक द्यायला सांगितलं हे खरं; पण विचार स्वतःच्या नावावर घालायला सरांनी सांगितलं नव्हतं, ते तिनं आपल्या बुद्धीनं केलं, जिन्यावर नाचून केलं. ऋणनिर्देशात सत्तावीस नावं होती. ग्रंथपाल होता, झेरॉक्सवाला होता, वसतिगृहाची मेस चालवणारी बाई होती. आणि काकू? शेवटच्या दुपारी त्या लाइनीच्या टोकापर्यंत सोडायला आल्या होत्या. म्हणाल्या होत्या, "माझं नाव घाल हं पोरी. कशावरच नाही बघ ते. रेशनकार्डावर निकमची बायको, दवाखान्याच्या चिठ्ठीवर निकमची बायको." ती म्हणाली होती, "म्हणजे काय काकू, घालणारच!" केवढी खुशीत म्हणाली होती. स्वतःचा असा किळसवाणा राग तिला जन्मात आला नव्हता. राजवर्धन सरांना शिव्या द्यायला केवढं सुख होतं गेला तासभर! तेही आता उरलं नाही. आणि एवढं करून वर यंदा, नव्यानं, त्याच बाईच्या नावावर तिनंच रेघ मारली होती. हा स्रोत होत नाही म्हणे.

साडेतीनला तिनं अक्षयाला आत बोलावलं. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. एक भित्रा विचार अजून डोक्यात होताच, की मुलीला पुन्हा लिहून आणायला सांगावं, मुदत मागून घ्यावी, कुणाला काही कळायला नको. पण अक्षयाच्या हातात फोन होता आणि तो चालू होता. "मॅम, आजीला मी सांगितलं. ती म्हणते मला बोलायचंय. स्पीकरवर टाकू?" देवयानी हो म्हणायच्या आत आवाज आला, खरखरीत, म्हातारा, पण ठसका तोच. "कोण बाई हाय ती? आयका बाई, माझी नात चोर न्हाई. मी सांगितलं, तिनं लिवलं. माझ्या तोंडचं माझी नात घेती त्यात चोरी कसली?" देवयानीच्या तोंडून निघून गेलं, "आजी, समितीला पुरावा लागतो." स्वतःचा तो थंड, सरकारी आवाज ऐकून तिला लाज वाटली.

"पुरावा हाय की!" म्हातारी म्हणाली. "वीस-बावीस वर्सं झाली आसतील. छावणीत एक पोरगी यायची माझ्याकडं, टेप घेऊन. सहा दुपारी बसली. तिला सगळं हेच सांगितलंय, शब्दाला शब्द. तिचं मोठं पुस्तक झालं आसंल आता, त्यात माझं नाव आसंल. काढून बघा. तिलाच विचारा की. लई सरळ पोरगी होती, ती खोटं न्हाई सांगायची. नाव तेवढं ध्यानात न्हाई तिचं."

अक्षया आशेनं बघत होती. "मॅम, हे शोधता येईल ना? लायब्ररीत मिळेल?" देवयानीनं टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरलं. अजून गप्प बसता आलं असतं. एवढ्या दिल्लीत ती टेपवाली पोरगी कुणाला शोधून सापडली नसती.

"काकू," ती म्हणाली, "ती मी. देवयानी."

"आगं बया! तू व्हय? तू हायेस तिथं?" म्हातारी एकदम हसली. "मग झालंच की! अक्षे, रडू नगंस, आपलीच बाई हाय ती. सांग गं यांना, देवयानी. दाखव पुस्तक."

"पुस्तकात तुमचं नाव नाही, काकू."

"न्हाई म्हंजे?"

"माहितगार क्रमांक चार असं लिहिलंय."

"चार?" पलीकडे भांड्याचा आवाज झाला आणि थांबला. "बरं. आणि मी सांगितलं ते? पत्रांचं?"

"ते माझ्या नावावर आहे. मी सुचवलं, असं. नंतर माझ्याकडून आमच्या सरांनी उचललं. म्हणून अक्षयावर आळ आलाय."

अक्षया एक पाऊल मागे सरकली होती आणि देवयानीकडे अशी बघत होती, की त्यापेक्षा तिनं आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. मग म्हातारीचा आवाज आला, अजिबात न चढलेला. "म्हंजे माझं तू नेलंस. आणि आता माझ्या नातीला चोर ठरवायला बी तूच बसलीयस." चार वाजायला पंधरा मिनिटं होती. तिनं फॉर्म पुढे ओढला. 'विषय-शिक्षकाचा अभिप्राय' अशी चार बोटं जागा होती. टेबलाच्या खणातून कोरे कागद काढून तिनं जोडले, आणि पेनचं टोपण काढलं. एप्रिल, पॅनेल, सर, जयदीपचं ते 'कशाला पंगा घेतेस', सगळं डोक्यात येऊन गेलं. तरी हात चालायला लागला.

"काय करतीयस?" फोनमधून विचारणा झाली.

"लिहितेय, काकू."

"मोठ्यांदा म्हण. तुझ्यावर भरवसा न्हाई आता माझा."

देवयानी लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागली. आवाज फाटत होता. बाहेर पॅसेजमधून जाणारी दोन मुलं थबकून बघायला लागली, तरी ती थांबली नाही. "अक्षया निकम हिने कोणतीही वाङ्मयचौर्याची कृती केलेली नाही. तिच्या निबंधातील मजकूर तिच्या आजी कौशल्या निकम यांचा आहे. त्यांचे नाव तिने मूळ खर्ड्यात दिले होते, ते मी काढायला लावले. हाच मजकूर मी, देवयानी, दोन हजार दोन साली त्यांच्याकडून घेतला आणि—"

"थांब," कौशल्याकाकू म्हणाल्या. "घेतला न्हाई. चोरला म्हण."

देवयानीनं 'घेतला' खोडलं आणि वर 'चोरला' लिहिलं.